पेंटरबाईंचा हात आणि बारा कॅप्सूल

गावातल्या निम्म्या दुकानांची नावं पेंटरबाईंच्या हातची. छापील फलकांचा जमाना आला तरी लोक त्यांच्याकडेच यायचे, कारण त्यांनी मारलेली रेघ पाहून गवंड्यानं आपला ओळंबा लाजून खिशात घालावा.

मन मात्र त्या रेघेसारखं सरळ चालत नसे. कधी ते उधळायचं. एका वर्षी बाईंनी कुणाला न विचारता राहत्या इमारतीचा चार मजली जिना सात रंगांत रंगवून टाकला. कधी ते असं फतकल मारून बसायचं, की आठवडाभर केस विंचरायचाही कंटाळा. मग डॉक्टरीणबाईंनी लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या, अधूनमधून रक्त तपासायला सांगितलं, आणि गेली सहा वर्षं सगळं बरं चाललं होतं.

थोरल्या जाऊबाईंना मात्र गोळ्यांचं भारी वावडं. एके दिवशी त्या लोणच्याच्या बरणीएवढी बाटली काखेत मारून आल्या.

"दिवसाला बारा कॅप्सूल. जीवनसत्त्वं, खनिजं, सगळं आहे यात. मन कसं लोण्यासारखं राहतं बघ. आणि साइड इफेक्ट शून्य! वर लिहिलंयच."

"बारा? मग मी जेवू कधी, जाऊबाई?"

"थट्टा पुरे. सख्ख्या बहिणीसाठी केली नसती एवढी धावपळ केलीय मी."

आता नाही कसं म्हणणार? बाईंनी जन्मभर लोकांच्या दुकानांवर 'शुद्ध' आणि 'खात्रीशीर' रंगवलं होतं. असे शब्द कोण लिहायला सांगतं आणि कशासाठी, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी भिडेपोटी त्यांनी कॅप्सूल गिळल्या. गोळ्या चालूच होत्या, त्यांच्या जोडीला हे.

दुसऱ्या सकाळी संडासातून त्यांनी हाक मारली, "अहो, माझा लेमन येलो इथं कुणी ओतलाय?"

"रंगाचा डबा संडासात कोण नेईल?" नवरा म्हणाला. मग दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला.

"जादा जीवनसत्त्व बाहेर पडतंय, घाबरू नकोस," जाऊबाईंनी फोनवर सांगितलं. ते खरंही होतं. पण तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं, तेव्हाही त्या म्हणाल्या, "शरीरातली घाण निघतेय." चार दिवस घाण निघत राहिली. बाईंचे डोळे खोल गेले, घशाला कोरड पडली.

अशात दंतवैद्याचा फलक कबूल केलेला. बाई शिडीवर चढल्या, ब्रश टेकवला, आणि 'द' नागमोडी उतरला. 'त' तर थंडीत कुडकुडावा तसा.

दंतवैद्य बाहेर येऊन वर बघतच राहिला. "अहो बाई, हे पाहून पेशंट म्हणतील, डॉक्टरचाच हात कापतो! माझं दुकान बसेल की हो!"

बाईंना हसू आलं आणि लगेच भीती वाटली. हाताकडे पाहिलं, तर तो खरोखरच थरथरत होता. त्या जपून उतरल्या, घरून बाटली घेतली आणि तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी बाटलीमागची मुंगीएवढी अक्षरं भिंगाखाली वाचली. "मॅग्नेशियम भरपूर आहे. त्यानं जुलाब झाले. अंगातलं पाणी गेलं की लिथियम रक्तात साठतं, आणि हात कापू लागतो. मला का नाही सांगितलंत?"

"औषध कुठंय ते? खाणंच की."

"पोटात जाईल ते सगळं मला सांगायचं. उशीर झाला असता तर प्रकरण अंगाशी आलं असतं."

रक्त तपासलं, लिथियम चढलेलंच होतं. कॅप्सूल बंद झाल्या. गोळी किती दिवस थांबवायची आणि पुन्हा किती घ्यायची, ते डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं आणि मनानं काही न करण्याची तंबी दिली.

जाऊबाईंना कळलं तेव्हा त्या धावतच घरी आल्या. "तू पुन्हा तशी गप्प होशील, या धास्तीनं मी आणलं गं. ते तुझं गप्प बसणं बघवत नव्हतं मला."

"मग मी बोलतेय तोवर ऐकून घ्या," बाई त्यांचा हात धरून म्हणाल्या. "पुढच्या वेळी दवाखान्यात माझ्याबरोबर चला."

दहा-बारा दिवसांत हात स्थिर झाला. दंतवैद्याची अक्षरं कवळीतल्या दातांसारखी ओळीत बसली. पुढच्या तपासणीला जाऊबाई खरंच आल्या. बाईंचं झाल्यावर त्यांनी हळूच घसा खाकरला.

"डॉक्टर, मी गुडघ्यांसाठी थोडं काहीतरी घेते. चालेल ना?"

"थोडं म्हणजे काय काय?"

जाऊबाईंनी पिशवी टेबलावर उपडी केली. सात बाटल्या गडगडत निघाल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी पुन्हा भिंग उचललं.