मनकर्णाआक्काचं खड्ड्यांचं मशीन

खुलताबादला भद्रा मारुतीच्या वाटेवर माझं नारळ-फुलांचं दुकान आहे. माणूस सुखात असो की दुःखात, नारळ घेतोच, त्यामुळं मला दोन्हीकडची खबर असते. यंत्रातलं मात्र मला ओ की ठो कळत नाही. तरीही चैत्रातल्या त्या सकाळी मनकर्णाआक्कानं माझा दंड धरून मला गल्ल्यावरून उठवलं आणि इंद्रजीतच्या शेताकडं नेलं. कशाला, तर बंद पडलेलं मशीन चालू करायला. अडला हरी कोणाचे पाय धरतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी आक्कानं त्या जनावराचं नाव मला वाटेत दोनदा ऐकवलं.

"आन येताना नारळ घे," ती म्हणाली. मी पिशवीभर घेतले.

मनकर्णाआक्का ही खड्डेवाल्या बायकांची मुकादम. आमच्या डोंगराच्या अंगाला सीताफळाच्या आणि आंब्याच्या ज्या बागा दिसतात, त्यांतल्या कितीतरी झाडांखालचा खड्डा तिनं आणि तिच्या बायकांनी पहारीनं खोदलेला आहे. नवा माणूस भेटला की ती आधी त्याचे तळहात बघते आणि मग ठरवते, याच्याशी बोलायचं की नाही. माझे तळहात बघून ती म्हणाली होती, "तुहा हात लोन्याचा हाये, किस्ना. तू आपला नारळच ईक." त्यावर राग धरणं शक्य नव्हतं, कारण ते खरं होतं.

तिचं आवाजाचं एकच माप आहे. शेताच्या या टोकाला बोलली की त्या टोकाची बाई पहार हातात घेते. नवरा सांडूभाऊ चार शेळ्या राखतो आणि तिच्या वाटचं सगळं हळू बोलणं तोच बोलतो.

आता खरी गोष्ट सांगतो. आक्काचा उजवा खांदा गेला होता. हात खांद्याच्या वर जाईना. हे सांडूभाऊला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं, कारण उदबत्ती-काडेपेटीबरोबर मी बामही ठेवतो आणि आक्का तो पदराखाली लपवून न्यायची. तिनं मला मारुतीची शपथ घातली होती. "बायांना कळलं तर कोन ऐकंल मपलं? पहार न उचलनारी मुकादम म्हंजी आटलेली म्हैस." तिचा धाकटा शिवम चितेगावला कारखान्यात कामाला आहे, तिथंच एका खोलीत बायको-पोराबरोबर राहतो. तो फोन करून म्हणायचा, आई, इकडं ये, पोरगं सांभाळ, आराम कर. आराम हा शब्द आक्का शिवी दिल्यासारखा उच्चारते.

म्हणून तिनं हे मशीन घेतलं. शहरात जाऊन, जुन्या सामानाच्या दुकानातून, वापरलेलं. दोन मुठी, मध्ये पेट्रोलचं छोटं इंजिन आणि खाली कमरेएवढं लांब गिरमिट. सुताराचं गिरमिट लाकडात घुसतं, हे मातीत घुसतं आणि खड्डा पाडतं. तिनं फसवणूक होऊ नये म्हणून दुकानदाराला त्याच्याच ओट्यासमोर खड्डा पाडून दाखवायला लावला. दोरी ओढल्याबरोबर इंजिन सुरू झालं होतं. त्या खड्ड्यात पुढं त्याचंच गिऱ्हाईक पडलं, असं सांडूभाऊ सांगतो. मला ते खोटं वाटतं, पण ऐकायला आवडतं.

घरी आणल्यावर मात्र मशीन मुकं झालं. इंद्रजीतच्या शेतात नेलं, तिथंही मुकं.

इंद्रजीत राहतो शहरात, उस्मानपुऱ्यात, नोकरीही तिथलीच, जमीन इथं. माणूस वाईट नाही. त्यानं आक्काला सरळ सांगितलं होतं, "आक्का, मुरूम लई कडक आहे. पहारीनं काम उरकणार नाही. दुपारपर्यंत तुमचं मशीन चाललं तर सगळे खड्डे तुमचे. नाहीतर मी ट्रॅक्टर सांगतो." एकदा ट्रॅक्टर बांधावर चढला की दुसऱ्या शेतकऱ्यांनाही तोच दिसणार, बायका पांगणार आणि आक्का चितेगावच्या खोलीत जाऊन बसणार. इतकं सगळं त्या एका दोरीला लटकलेलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा बायका बांधावरच्या कडूलिंबाखाली गोल करून बसल्या होत्या आणि मधोमध मशीन आडवं पडलं होतं. त्याच्या मुठीला काळा दोरा, टाकीवर हळदीकुंकू आणि गिरमिटाला झेंडूची माळ.

"याला लई नजर लागलीय," आक्का म्हणाली. "गावातून आनताना समद्यांनी डोळे फाडफाडून पाह्यलं. किस्ना, दे नारळ."

नारळ फुटला. आक्कानं पाणी वाया जाऊ दिलं नाही. नवा बैल दारात आला की त्याचे पाय धुवायचे आणि त्याच्या तोंडाला गोड लावायचं, ही आमच्याकडची रीत. मग मशीननं काय पाप केलं? इंजिनाच्या कडेला एक जाळीचं झाकण होतं. तेच त्याचं तोंड, हे सांडूभाऊनं काल मशीन दारात आलं तेव्हाच ठरवून टाकलं होतं आणि पहिला नारळ तिथंच पाजला होता. आक्कानं करवंटी त्या जाळीला लावली आणि लेकराला पाजावं तसं सावकाश पाणी पाजलं.

"आता वढ गं गोजरबाई."

गोजरबाई म्हणजे टोळीतली सगळ्यांत दांडगी बाई. तिनं पाय रोवून दोरी ओढली. मशीन नुसतं खाकरलं.

मग प्रत्येकाच्या अंगात मिस्त्री संचारला. एक म्हणाली पेट्रोल शिळं असेल. पेट्रोल ओतून काढलं, दुकानदारानं सांगितलं होतं तसं ऑइल मिसळून ताजं भरलं. दुसरी म्हणाली चोक ओढा, तिसरी म्हणाली सोडा, आणि तो बिचारा खटका इतक्या वेळा वरखाली झाला की शेवटी तो कुठं होता हेच कुणाला आठवेना. दर खेपेला मशीन खाकरायचं, आणि दर खेपेला आक्का माझ्याकडं हात पसरायची. नारळ फुटायचा. पाणी जाळीत जायचं. खोबरं आमच्या पोटात जायचं. मशीन सोडून बाकी सगळ्यांची तब्येत सुधारत चालली होती.

"प्लग पाहा प्लग," मी म्हणालो. मला एवढा एकच शब्द येत होता.

प्लग काढला. पेट्रोलनं ओला निघाला. सांडूभाऊनं तो धोतराला पुसला, पॉलिश पेपरनं घासला आणि ठिणगी पडते का बघायला वायरीला लावून बोटांत धरला. गोजरबाईनं दोरी ओढली. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला तो माणूस असा ओरडला की त्याच्या चारही शेळ्या बांध ओलांडून पळाल्या.

"करंट हाये!" तो नाचत म्हणाला. "मनकर्णे, करंट हाये! लई हाये!"

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. आक्काही हसली, पण सावली बुंध्याकडं सरकत होती आणि तिची नजर सारखी रस्त्याकडं जात होती.

"पेट्रोल येतंय, करंट येतोय," गोजरबाई कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "मंग घोडं अडलंय कुठं?"

आक्कानं शेवटचा नारळ माझ्या पिशवीतून स्वतःच काढला. मी तोवर थकून मशीनशेजारीच मातीत बसलो होतो. माझ्या मांडीवरून एक मुंगी गेली. तिच्यामागं दुसरी गेली. मग बघतो तर काय, लिंबाच्या बुडातून मुंग्यांची रांग निघालेली, गिरमिटावरून वर चढलेली, आणि सरळ जाळीच्या झाकणात शिरत होती.

"आक्का," मी म्हणालो, "मुंग्या पेट्रोल पितात का?"

"खुळा झालास का?"

"मग त्या आत काय प्यायला चालल्यात?"

गोजरबाईनं झाकणाची चकती फिरवली आणि झाकण उपसलं. आत एक चौकोनी स्पंज होता, पाण्यानं टम्म फुगलेला, वर खोबऱ्याचे कण आणि सणासुदीला जमावी तशी मुंग्यांची गर्दी. सांडूभाऊनं तो पिळला. मातीत धार लागली. त्यानं बोट चाटलं.

"गोड हाये," तो म्हणाला.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "आक्का, हे तोंड नाही. हे नाक आहे त्याचं. इथनं ते हवा ओढतं. दुकानात कोरडं होतं म्हणून चाललं. आपण कालपासून त्याच्या नाकात पाणी ओततोय."

"म्हंजी," आक्का हातातल्या नारळाकडं बघत म्हणाली, "आपुन याला पूजा करून करून बुडवलं व्हय?"

त्यानंतर जे हसू फुटलं ते आवरेना. गोजरबाई पोट धरून खाली बसली. सांडूभाऊ डोळे पुसत मशीनच्या पाया पडला आणि त्याची माफी मागू लागला, त्यानं तर आणखीच भर पडली. मी इतका हसलो की मला उचकी लागली, आणि आक्कानं तो शेवटचा नारळ फोडून पाणी मला पाजलं, तोंडातून, नीट बघून.

स्पंज पेट्रोलमध्ये खळबळून पिळला, तापलेल्या दगडावर वाळवला. प्लग पुन्हा पुसला. सगळं जागच्या जागी बसवलं. गोजरबाईनं दोरी ओढली. खाकरलं. पुन्हा ओढली. फुट फुट फुट झालं, पांढरा धूर निघाला आणि मशीन असं गरजलं की लिंबावरचे कावळे उडाले.

एका मुठीला आक्का, दुसऱ्या मुठीला गोजरबाई. गिरमिट मुरुमात घुसलं, माती उसळली आणि आत कुठंतरी दगड लागला. मग मशीन थांबलं नाही, गिरमिट थांबलं, आणि मशीन दोघींना घेऊन फिरलं. दोन जाड्या बायकांच्या फुगड्या मी खूप पाहिल्या आहेत, पण इंजिनावर चालणारी पहिल्यांदा पाहिली. पदर उडाले, झेंडूची माळ उडाली, ती माझ्याच गळ्यात येऊन पडली. दोघी ओरडत होत्या, पण मूठ एकीनंही सोडली नाही. दुसऱ्या खड्ड्याला त्यांना दगड कळू लागला. त्यानंतर बाकीच्या बायका पुढं पळून चुन्याच्या फक्कीनं खुणा करायच्या आणि या दोघी मागून खड्डे पाडत सुटायच्या.

आक्का मशीन बंद करू देईना. "एकदा निजलं तर उठंल का नाय कोन सांगावं!" भाकरी खायलाही थांबू देईना. बायकांनी तिला चालता चालता घास भरवला.

इंद्रजीतची गाडी आली तेव्हा अर्धं शेत झालेलं होतं. तो बांधावरून ओरडला, "आक्का, बंद करा, बोलायचंय!"

"बोला की!"

"ऐकू येत नाही!"

"मंग नंतर बोला!"

तो खड्ड्यांच्या रांगेकडं बघत राहिला. एका खड्ड्यात उतरला, खोली मापली, खुशीनं मान हलवली आणि खिशातून फोन काढला. ट्रॅक्टरवाल्याला येऊ नको म्हणताना तोही ओरडूनच बोलला, त्यामुळं ते सगळ्या शेताला ऐकू गेलं.

आणि त्याच क्षणी टाकीतलं पेट्रोल संपलं. मशीन हुंदका देऊन थांबलं. इतका वेळ ओरडत असलेली माणसं एकदम उघडी पडली.

सांडूभाऊनं टाकी भरली. इंद्रजीत पुढं आला, "आणा, मी ओढतो." आक्कानं त्याला हातानं मागं सारलं. काम तिला मिळालं होतं, मशीन तिचं होतं आणि मालकासमोर मुकादमानंच ते चालू करायला हवं होतं. तिनं उजव्या हातानं दोरी धरली. मी आणि सांडूभाऊनं एकमेकांकडं बघितलं. दोरी हातभर आली आणि आक्काचा चेहरा पांढरा पडला. तिनं गुपचूप हात बदलला, डाव्या हातानं ओढलं, ते जमेना. बायका बघत होत्या.

गोजरबाई जवळ आली. तिनं आपला हात आक्काच्या हातावरून दोरीच्या मुठीवर ठेवला.

"आक्का, सोडा आता सोंग. आमाला लई दिसांपास्नं ठावं हाये तुमचा खांदा."

"कुनी सांगितलं?" आक्कानं माझ्याकडं असं बघितलं की मी मारुतीचं नाव घेतलं.

"सांगाया कशाला पायजे? तुमच्या वाटचे खड्डे सांजच्याला आर्धे ऱ्हायचे आन सकाळी पुरे व्हायचे. ते काय मारुती येऊन खोदत व्हता व्हय? आमीच की!"

आक्का रडू लागली. मी तिला ओळखतो तेव्हापासून हे पहिल्यांदाच घडलं. मग रडता रडता ती चिडली. "आगं भवान्यांनो! मंग हे मशीन काहून घेऊ दिलं मला? आधीच सांगायचं, मी गेले असते चितेगावला!"

"घ्या!" गोजरबाई म्हणाली. "समदं काय तुमच्याच खांद्यासाठी? आमचे खांदे लोखंडाचे हायेत व्हय?"

आणि तिनं पोलक्यावरून स्वतःचा खांदा दाबून दाखवला. मागं उभ्या असलेल्या बायकांनीही एकेक करून आपापला खांदा, कंबर, मनगट दाबलं. सगळ्याच हसत होत्या, पण कुठं दुखत नाही अशी एकही नव्हती. आक्का बघतच राहिली.

मग तिनं नाक शिंकरलं, पदर खोचला आणि तिच्या नेहमीच्या मापानं ओरडली, "बगत काय ऱ्हायल्या? लावा की हात!"

जेवढे हात दोरीवर मावतील तेवढे लागले. एकाच हिसक्यात मशीन गरजलं.