आधी स्वतः मरून बघणारे गफूरभाई

दुकानात गेमची नवी कॅसेट आली की गफूरभाई ती आधी स्वतः शेवटपर्यंत खेळत. चष्मा कपाळावर, शेजारचा चहा गार. पोरं ओट्यावर ताटकळत बसलेली. कुणी घाई केली तर म्हणत, "थांब रे. पहिलं मी मरून बघतो, मग तुम्ही मरा."

नांदेडला आमच्या गल्लीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि आतल्या खोलीत दोन टीव्हींवर व्हिडिओ गेम. ओवी, ईशान, तुमचे बाबा, म्हणजे माझा मुलगा, तेव्हा चौथीत होते. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, आणि घरातही नियम लेखी लागत. मी यादीच करून दिली : गाड्यांची शर्यत चालेल, बंदुकीचा गेम चालणार नाही. गफूरभाईंनी ती टीव्हीच्या वर चिकटवली. "बाईंचा हुकूम हाय," ते पोरांना सांगत.

एका संध्याकाळी मी न सांगता गेले. तुमचे बाबा आणि शेजारचा शकील एकेक रिमोट घेऊन धडाधड गोळ्या झाडत होते. दोघंही मेले आणि हसत सुटले. मी यादीकडे बोट दाखवलं.

"रोज वाचतो बाई," गफूरभाई म्हणाले. "पण गाडीच्या गेमात ह्यो एकटाच असतो. हरला की मनगट चावतो सोताचं. दाखव रे बाईला."

बाबांनी हात पाठीमागे नेला. मनगटावरचे ते वळ मी घरी पाहिले होते. 'शाळेत पडलो' हे ऐकून मलमही लावलं होतं.

"बंदूक खोटी हाय, बाई. राग खरा हाय त्याचा. शकील संगं असला की न्हाई चावत. आठ दिस बघून राहिलो मी."

तिथेच ऐकायला हवं होतं. पण एका रेडिओवाल्याने चारचौघांत मला माझं पोर समजावून सांगावं, हे सहन झालं नाही. यादी काढून घेतली, मुलाला घरी आणलं, पुन्हा पाठवलं नाही. पुढे तुमचे बाबा लातूरला वसतिगृहात राहिले. भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे शर्ट घालत. मी कारण विचारलं नाही.

गफूरभाई रस्त्यात भेटले की विचारत, "पोरगं बरं हाय ना, बाई?" मी "हो" म्हणून पुढे जात असे. गेल्या वर्षी ते वारले. 'तुमचं बरोबर होतं', हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

परवा तुमच्या आईने त्याच जुन्या गेमचं चित्र पाठवलं. ईशानला हवा आहे, आठ वर्षांच्या मुलाला चालेल का, म्हणून विचारलं. चालेल आणि चालणार नाही याच्या याद्या करून मी आता थकले आहे. तिला एवढंच कळवलं : रिमोट दोन घ्या. ओवीला नाहीतर कुणाला तरी शेजारी बसवा. तो हरला की पडद्याकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. आणि ज्या दिवशी सगळे दमलेले असाल, जवळ बसायला कुणीच नसेल, त्या दिवशी नको.