एकोणीस नंबरची गाडी

मिस्त्रीला दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं. चाळीस वर्षं पत्रा ठोकल्यावर दुसरं काय होणार? बोटं मात्र शाबूत होती. डोळे मिटून मडगार्डवरून तळवा फिरवला की कुठे खळगा आहे, कुठे उंचवटा, कुठे आधीच्या कारागिराने लांबीचा लगदा भरून वेळ मारून नेली आहे, हे तो घडाघडा सांगायचा. लोक म्हणायचे, याला डोळ्यांची गरजच नाही. मिस्त्री वरवर म्हणायचा, "काहीतरीच काय!" पण घरी गेल्यावर बायकोला हे वाक्य दोनदा तरी ऐकवायचा.

त्याचं वर्कशॉप एका बंद पडलेल्या लाँड्रीच्या मागे होतं. आत दोन गाड्या मावायच्या. भिंतीला हातोड्या टांगलेल्या, कोपऱ्यात लाकडी मोगऱ्या आणि वाळू भरलेली चामड्याची पिशवी. त्या पिशवीवर सपाट पत्रा ठेवून तो मोगरीने असा वळवायचा की बघणाऱ्याला वाटावं, पत्र्यालाच आपला आकार आठवतोय. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे शौकीन त्याच्याकडे लांबलांबून यायचे.

या शौकिनांच्या जगात एका छोट्या, दोन सीटच्या गाडीला देवासारखा मान होता. तिचा कारखाना बंद पडून जमाना झाला होता. कारखान्याने तशा गाड्या दोन हजारांवर काढल्या होत्या, पण त्या साध्या, लोखंडी पत्र्याच्या. शर्यतीसाठी म्हणून हलक्या अॅल्युमिनियमच्या बॉडीच्या काढल्या फक्त तेवीस. लांबून बघितलं तर दोन्ही जुळ्या बहिणी. पण साध्या गाडीच्या किमतीत एखादी चांगली मोटार येईल, आणि तेविसांपैकी एकीच्या किमतीत अख्खी इमारत. कारण सरळ होतं. तेविसांतल्या चौदाच शिल्लक असल्याचं माहीत होतं. बाकीच्या कुठे चेपल्या, कुठे भंगारात गेल्या. गाडी खरी की नकली हे ठरायचं चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, ठोकलेल्या नंबरावरून.

एक दलाल मिस्त्रीकडे नेहमी यायचा. इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ. एकदा त्याने तसली साधी गाडी आणली आणि म्हणाला, "मिस्त्री, हिला अॅल्युमिनियमची बॉडी करून दे. शर्यतीवालीसारखी."

यात वावगं काहीच नव्हतं. हौसेने अशा नकला लोक करतात आणि नक्कल म्हणूनच मिरवतात. मिस्त्री सात महिने त्या गाडीत बुडून गेला. जुने फोटो भिंगाखाली धरून त्याने रिव्हेटांमधली अंतरं मोजली. बॉनेट जमेना म्हणून तीनदा मोडून पुन्हा केलं. गाडी उभी राहिली तेव्हा दलालाने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

मग त्याने खिशातून एक कागद काढला. एकोणीस नंबरच्या गाडीची शर्यतीच्या काळातली कागदपत्रं त्याने कुठूनतरी मिळवली होती. "ही शर्यतीत पेटली. जळून खाक. वर्तमानपत्रात आलं होतं तेव्हा," तो म्हणाला. "मेलेल्याचं नाव घेतलं तर कोणाचं काय बिघडतं? नंबर तेवढा ठोकून दे."

"हे नाही जमायचं," मिस्त्री म्हणाला.

"बरोबर आहे. त्या कारखान्याच्या आकड्यांची ढबच वेगळी. नऊची शेपटी सरळ. तसले ठसे बनवणं आता कोणाला जमत नाही. मी तुला उगीच विचारलं."

दलाल माणूस ओळखून होता. पैशाने मिस्त्री वळला नसता. तो चढला हरभऱ्याच्या झाडावर. चार दिवसांत त्याने पोलादाचे ठसे घासून तयार केले, जुना नंबर कानशीने घासून काढला आणि नवा ठोकला. मग मिठाचं पाणी, जुनं ग्रीस, धूर, पुन्हा ग्रीस. पन्नास वर्षांचं वय त्याने त्या आकड्यांवर तीन आठवड्यांत चढवलं.

वर्तमानपत्राने आग वाढवून छापली, गाडी वाचली होती, असं दलालाने कागद दाखवून पटवलं आणि लिलावात ती विक्रमी किमतीला गेली. मासिकात पानभर फोटो आला. "पंधरावी सापडली", असा मथळा. मिस्त्रीने तो फोटो बायकोपुढे धरला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "कोणाच्या बापाला ओळखू आली नाही."

बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "म्हणजे फसवलंत."

"फसवलं काय म्हणतेस? ती गाडी जळून गेलीय. कोणाचं नुकसान नाही त्यात."

तिने पुढे विचारलं नाही. त्यालाही सांगावंसं वाटलं नाही. मासिक त्याने कपाटात कपड्यांखाली ठेवलं.

दोन वर्षं गेली. मग एके दिवशी शौकिनांच्या संघटनेतून बोलावणं आलं. तिथला मुख्य पारखी, म्हणजे ज्याच्या सहीने गाडी खरी ठरायची तो माणूस, म्हणाला, "एका बाईंकडे गाडी निघालीय. अॅल्युमिनियमची वाटते. पत्र्याबद्दल तुमचं मत हवंय. उद्या सकाळी या."

बाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. बहिणीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या, म्हणून घर आवरायला काढलं होतं. नवरा फोटोग्राफर होता, तीन वर्षांपूर्वी गेला. गॅरेजमध्ये खोकी, जुने ट्रायपॉड, आणि मधोमध चादरीखाली गाडी. बाईंचा दीर दारात टेकून उभा होता. पारख्याबरोबर संघटनेची आणखी दोन माणसं होती.

"आमच्या ह्यांनी लग्नाआधी घेतली," बाई सांगत होत्या. "शर्यतीत पेटलेली होती म्हणे. पुढचा भाग जळला होता, तो त्यांनी स्वतः नीट केला. म्हणायचे, ही तेविसांतली एक आहे. कागद ओल लागून गेले. आम्ही सगळे हसायचो त्यांना."

मिस्त्री नकळत दाराकडे एक पाऊल सरकला.

पारख्याने बॉनेट उघडून बॅटरीच्या उजेडात नंबर वाचला आणि ताठ उभा राहिला. "एकोणीस?" त्याने सोबत्यांकडे बघितलं. "एकोणीस नंबर तर दोन वर्षांपूर्वी विकला गेला. मी स्वतः तपासलाय. मिस्त्री, तुम्ही बघा जरा."

मिस्त्री वाकला. वाचायची गरजच नव्हती. खरा नऊ किंचित तिरका बसला होता, ठोकताना कारखान्यातल्या कामगाराचा हात हलल्यासारखा. त्याने स्वतः ठोकलेला नऊ सरळ होता. फारच सरळ. मग त्याने सवयीने आतल्या पत्र्यावर बोटं फिरवली. आगीने अॅल्युमिनियमला ज्या बारीक लाटा येतात, त्या तिथे होत्या. ही गाडी जळली होती आणि कोणीतरी धडपडत, कारागीर नसलेल्या हाताने, पण जीव लावून तिला उभं केलं होतं.

"काय वाटतं?" पारख्याने विचारलं.

सगळे त्याच्याकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं.

"पुढचा पत्रा... नंतरचा आहे," तो म्हणाला.

शब्द खरा होता आणि माणूस खोटं बोलत होता. पारख्याने मान हलवली. "नंबर आधीच विकला गेलेला, पत्राही नंतरचा. मग नक्कलच. माफ करा बाई. कोणीतरी तुमच्या मिस्टरांना बनवलं असेल. किंवा..."

"किंवा त्याने आपल्याला बनवलं," दीर हसत म्हणाला. "दादाला थापा मारायची सवयच होती."

बाई हसल्या नाहीत. चादरीचं टोक हातात धरून त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं सांगत होते हो मला. कशाला सांगतील?"

मिस्त्रीने बोटं खिशातल्या फडक्याला पुसली, पुसतच राहिला.

दुपारी दलालाचा फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. "शाब्बास! वेळेवर तोंड बंद ठेवलंस. आता ती गाडी नक्कल म्हणून मीच घेतो. तुझ्याकडे आणून टाकतो. कापून टाक. एक एकोणीस पुरे."

मिस्त्री काहीच बोलला नाही. ऐकू आलं नसेल असं समजून दलालाने सगळं पुन्हा मोठ्याने सांगितलं. "कापून टाक" हे शब्द त्याने दोनदा ऐकले.

सहा दिवस त्याच्या हातून काम झालं नाही. वर्कशॉपमध्ये हातोडी उचलायचा आणि ठेवायचा. जेवायला बसला की बायकोची नजर चुकवायचा. सातव्या दिवशी तिने ताट वाढलंच नाही. समोर बसली आणि म्हणाली, "अहो, काय झालंय ते सांगा, मग जेवा."

त्याने सांगितलं. ठसे, मिठाचं पाणी, बाईंच्या हातातली चादर, सगळं. सांगताना त्याला वाटत होतं, ती चिडेल, निदान रडेल. तिने फक्त विचारलं, "आणि तुम्ही तिथे उभे होतात?"

"होतो."

"त्या बाईसमोर?"

"हो गं."

"जनाची नाही, निदान मनाची तरी..." तिने वाक्य अर्धवट सोडलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. तिने त्याच्याकडे असं परक्यासारखं कधी बघितलं नव्हतं. मग ती उठली आणि त्याचा धुतलेला शर्ट आणून त्याच्या मांडीवर ठेवला.

तो तसाच बाईंकडे गेला. अंगणातून टेम्पो वळत होता. सामान निम्मं गेलं होतं. गाडी अजून गॅरेजमध्येच होती. दलाल उद्या न्यायला येणार होता.

"बाई, तुमची गाडी खरी आहे," दारातच तो म्हणाला. "एकोणीस नंबर हाच. दुसरा मी ठोकलेला आहे. या हातांनी."

बाईंना आधी कळलंच नाही. त्यांनी त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. शाळेतल्या पोराला लावावं तसं, पहिल्यापासून, मधलं न गाळता. त्याचे कान तापले होते. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "माझं चुकलं."

"त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?"

"हात लावल्या लावल्या."

बाईंनी टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले. मग म्हणाल्या, "ते गेल्यापासून मी रोज सकाळी त्यांच्या फोटोशी चार शब्द बोलते. वेडेपणा म्हणा. त्या दिवसापासून बोलले नाही. म्हटलं, माणूस इतकी वर्षं माझ्याशी खोटं बोलला. फोटो खोक्यात टाकला तो मी, पालथा."

मिस्त्रीने मान वर केली नाही.

"मला गाडीचं काही वाटत नाही," बाई म्हणाल्या. "पण ज्यांच्यासमोर माझ्या नवऱ्याला थापाड्या ठरवलंत, त्यांच्यासमोरच हे सांगा. माझ्या दिरासकट. आणि माझी माफी मागू नका. ती द्यायला आज माझ्याकडे नाही."

दलालाला बाईंनी फोनवरच नको म्हणून सांगितलं. तीन दिवसांनी संघटनेच्या ऑफिसात सगळे जमले. मिस्त्रीने फडक्यातून ठसे काढून टेबलावर मांडले. पारखी आधी हसला. "उगीच स्वतःला मोठं करू नका मिस्त्री. ती गाडी मी तीन दिवस तपासलीय."

मिस्त्रीने पत्र्याचा तुकडा ठेवला आणि ठसा धरून हातोडी मारली. एक. मग नऊ. पारख्याने भिंगातून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, आणि मिस्त्रीला आपल्याबरोबर त्याचीही लाज वाटली, कारण पारख्याच्या सहीची अब्रूही आपणच घालवली होती. दीर भिंतीकडे बघत होता. बाईंनी त्याला एवढंच म्हटलं, "भाऊजी, ऐकलंत ना?"

पुढचं सगळं रीतसर झालं. विकत घेणाऱ्याने दलालावर दावा लावला. मिस्त्रीने साक्ष दिली. त्यालाही शिक्षा झाली, पण स्वतःहून कबूल केलं म्हणून तुरुंगात जावं लागलं नाही. संघटनेने त्याचं नाव काढून टाकलं. शौकिनांनी अर्धवट कामं उचलून नेली. वेगळ्या गावी राहणाऱ्या लेकीला शेजाऱ्यांकडून कळलं, तिने फोन करून एवढंच विचारलं, "बाबा, मला तू का नाही सांगितलंस?"

बाईंची गाडी एका संग्रहालयाने घेतली. शेजारच्या पाटीवर शर्यत, आग आणि ती नीट करणाऱ्या फोटोग्राफरचं नाव आहे. मिस्त्री एकदा बघायला गेला. त्या दिवशी बाईही आल्या होत्या, बहिणीबरोबर. त्यांनी त्याला बघितलं, ओळखलं, आणि त्या पाटी वाचत राहिल्या. तो मागच्या मागे बाहेर पडला.

आता तो मालवाहू गाड्यांचे चेपलेले दरवाजे आणि स्कूटरची मडगार्डं ठोकतो. पोटापुरतं काम असतं. बायको पुन्हा पहिल्यासारखी बोलते, निदान बहुतेक वेळा.

एक त्रास मात्र राहिला. महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी अनोळखी माणूस लाँड्रीच्या मागचा रस्ता शोधत येतो. "पारख्याला चकवणारे मिस्त्री तुम्हीच ना? काय हात आहे हो तुमचा! एक फोटो काढू?" मिस्त्री हात हलवून त्याला घालवून देतो आणि गाडीच्या पलीकडे जाऊन वाकतो, काम असल्याचं दाखवत. त्या माणसाला वाटतं, म्हातारा शरमला. शरमतो तो खराच. पण "काय हात आहे" हे शब्द कानी पडले की त्याच्या आत कुठेतरी अजूनही गुदगुल्या होतात. कमी ऐकू येतं, पण हे शब्द त्याला स्पष्ट ऐकू येतात. ठसे, बाई, साक्ष, सगळं त्याने बायकोला सांगितलं. हे तेवढं सांगितलेलं नाही.