रिपीटचं बटण

दुष्काळात लोक माझ्याकडं रेडिओ दुरुस्तीला न्हाय, विकायला आणायचे. कळंबच्या एसटी स्टँडसमोर माझं रेडिओचं दुकान होतं. एक दिवस आमच्याच वस्तीतल्या गाणाऱ्या बाई पोत्यात गुंडाळलेलं एको मशीन घेऊन आल्या. गाणाऱ्याचा आवाज टेपच्या गोल पट्टीवर घ्यायचा आणि क्षणभरानं परत सोडायचा, एवढंच त्या पेटीचं काम. पण ती नसली तर गायन पार्टीला कुणी सुपारी देत नव्हतं.

बाई दिवसा रोजगार हमीवर खडी फोडायच्या. "साखर कारखान्याच्या सभेला गाणं ठेवलंय, भाऊ. ऑर्केस्ट्रावाल्यांचं मशीन मुंबईचं हाय. दोन्ही ऐकून कुणाला घ्यायचं ते ठरवणार म्हणं. हे बोललं न्हाय तर माझी पार्टी मोडली."

उघडलं तर आत मुरमाची धूळ आणि रबरी चाक उन्हानं वितळून काकवीसारखं चिकट झालेलं. पट्टीवरचा आवाज उचलणारे हेड स्पिरिटनं पुसले, चाक नवं बसवलं, पट्टी नवी कापली. पण घाईत सरळ कापली! पट्टीचा सांधा तिरपा लागतो, न्हायतर दर फेऱ्याला टक वाजतं. बाईंनी ऐकलं आन् हसल्या. "भाऊ, हे मधीच कोण खडी फोडतंय?" मी लई शरमलो आणि पट्टी पुन्हा तिरपी कापली.

कारखान्याच्या हॉलमध्ये दोन्ही मशीनं एकाच टेबलावर मांडली. आधी मुंबईच्या मशीनवर बाई एक ओळ गायल्या, मग तीच ओळ आमच्यावर. मुंबईचं चकचकीत होतं, पण परत येणारा आवाज घोंगडी पांघरून बोलल्यासारखा. आमच्यातून शब्दन् शब्द सुटा येत होता. मागं उभे असलेले कामगार माना डोलवायला लागले. ऑर्केस्ट्रावाला स्वतःच म्हणाला, "हेच सरस आहे."

समोर बसलेले संचालक म्हणाले, "मग झालं की! बाईंचं मशीन घ्या, गाणं ऑर्केस्ट्राचं ठेवा. सभेला चांगल्या घरची माणसं येणार आहेत."

माझ्या अंगाची आग झाली. आमच्या हाताचं काम चालतं, आमचा गळा तेवढा चालत न्हाय व्हय?

"काय बाई, देता ना मशीन?" संचालकांनी विचारलं. माईक अजून बाईंच्या हातात होता.

"न्हाय," बाई म्हणाल्या.

न्हाय, न्हाय, न्हाय, हॉलभर झालं. कामगारांत खसखस पिकली. संचालक लालबुंद होऊन माझ्यावर ओरडले, "ए मेकॅनिक, बंद कर ते!"

त्या मशीनला रिपीटचं एक बटण असतं. ते कमी केलं की आवाज लगेच विरतो. पूर्ण फिरवलं की विरत न्हाय, उलट प्रत्येक फेऱ्याला चढत जातो. माझं बोट त्याच्यावरच होतं. कारखान्यातल्या सगळ्या रेडिओ-स्पीकरचं काम माझ्याकडं होतं, ते जाणार हे मला कळत होतं. जाऊ दे, म्हटलं.

मी बटण शेवटपर्यंत फिरवलं.

न्हायनं हॉलचे पत्रे हादरायला लागले. संचालकांनी कानावर हात ठेवले. मग बाईंनी मला हातानंच खूण केली, मी बटण खाली घेतलं आणि त्यांनी तिथंच, कुणाला न विचारता, गाणं सुरू केलं. पुरं तीन कडव्यांचं. कामगारांतलं एकही माणूस जागचं हललं न्हाय.