मोबाईलमुक्त दिवसाचं शूटिंग

सांगवीच्या द्वारकाबाईला किळस यायला फारसं निमित्त लागत नाही. कुणी बशीतून फुर्र करून चहा ओढला, की ती तोंड फिरवते. एसटीत शेजारच्यानं खिडकीतून पिंक टाकली, तर पुढच्या थांब्याला उतरते आणि दुसऱ्या गाडीची वाट बघत उन्हात उभी राहते. लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा अंगठा आमटीत बुडालेला दिसला, की त्या दिवशी ती कोरड्या भातावर उठते. घरात रामहरीच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, तंबाखूच्या हाताला स्वयंपाकघरात बंदी आहे. नातीचं नाकसुद्धा तिनं कधी पदरानं पुसलं नाही. त्यासाठी खुंटीला वेगळं फडकं टांगलेलं असतं. गावातल्या बायका पाठीमागं तिला ‘सोवळी’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

आणि म्हणायला तोंडही नाही, कारण कष्टाला ती कधी मागं हटलेली नाही. कालव्याच्या पाण्यावर तिनं जन्मभर मेथी, कोथिंबीर, वांगी पिकवली आणि बारामतीच्या बाजारात पाठवली. माल निवडायची तो स्वतःच्या हातानं. एखादं किडकं वांगं नजर चुकवून पोत्यात गेलं, तर सगळं पोतं ओतायला लावायची. “गिऱ्हाइकाच्या ताटात आपली घाण जायला नगं,” एवढंच बोलायची. रामहरी कपाळाला हात लावायचा आणि पोतं पुन्हा भरायचा.

आता कुणाला वाटेल, अशी बाई मोबाईलच्या नावानं बोटं मोडत असेल. तसं अजिबात नाही. तिची थोरली बहीण भामाबाई नरसिंहपूरला दिलेली. भामाबाईचे गुडघे गेले तशी ती घराबाहेर पडेनाशी झाली, आणि दोघी बहिणींची भेट तुटली. मग द्वारकाबाईनं सुनेकडून व्हिडिओ कॉल शिकून घेतला. रोज दिवेलागणीच्या आधी ती फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते, तिकडं भामाबाईही ठेवते, आणि दोघी आपापल्या घरी मेथी निवडत बसतात. कधी बोलतात, कधी बराच वेळ बोलतही नाहीत. जुडी संपली, की “ठिवते गं” म्हणून फोन बंद. त्यानंतर त्या फोनकडं कुणी बघत नाही. फोन असतो तो ह्याच्यासाठी, अशी तिची साधी समजूत होती.

तिचा मुलगा रणजित बारामतीला नोकरीला. बायको स्वरूपा आणि तिसरीतली छकुली यांच्यासह तो तिकडंच राहतो. नाताळच्या सुट्टीत छकुली सांगवीला यायची ती हुरड्यासाठी, आणि द्वारकाबाई त्या चार दिवसांकडं डोळे लावून बसलेली असायची. यंदा रणजितचा फोन आला तो वेगळाच.

“आई, रविवारी येतोय. हुरडा ठिव. आन् तुजी नऊवारी काढून ठिव, ती जरीची. आबांना फेटा बांधायला सांग.”

“कुणाचं लगीन हाय?”

लग्न नव्हतं, शाळेचा उपक्रम होता. हल्ली पोरं सारखी मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसतात, म्हणून शाळेनं पालकांना कळवलं होतं, की सुट्टीतला एक दिवस आजी-आजोबांबरोबर मोबाईलशिवाय घालवा. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. पुढं लिहिलं होतं, की त्याचा व्हिडिओ काढून पालकांच्या ग्रुपवर टाका. सगळ्यात चांगल्या कुटुंबाला स्नेहसंमेलनात बक्षीस.

द्वारकाबाईनं ते रणजितकडून पुन्हा एकदा ऐकून घेतलं. “म्हंजी मोबाईलला शिवायचं न्हाय, आन् शिवलो न्हाय त्ये मोबाईलवर दावायचं?”

“आई, आजकाल असंच असतंय.”

“उपास धरला म्हणून गावजेवण घालायचं म्हण की,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. तरी नऊवारी काढली. पोरगा सणावारालासुद्धा घाईत येऊन जाणारा. म्हणतोय तर म्हणतोय.

रविवारी सकाळी गाडीतून आधी तीन पायांचं स्टँड उतरलं, मग कॉलरला लावायचा माईक, मग रणजित, आणि सगळ्यात शेवटी छकुली. पोरगी धावत येऊन आजीच्या कमरेला मिठी मारणार, तोच रणजित ओरडला, “थांब थांब! अजून न्हाय. मागं जा, गाडीत बस, मी सांगितल्यावर पळत ये.” छकुली मुकाट्यानं मागं गेली. द्वारकाबाईचे पसरलेले हात तसेच राहिले. पोरगी दुसऱ्यांदा पळत आली, बरोब्बर हसत आली, मिठीही मारली. पण ती मिठी शिळी होती.

पुढं व्हिडिओत शेतापर्यंत जायला बैलगाडी हवी होती. घरात ट्रॅक्टर आल्यापासून बैल नव्हते. मग रणजितनं माळेगावच्या कारखान्याकडून ऊस टाकून रिकामी परतणारी एक बैलगाडी रस्त्यात थांबवली. गाडीवान बिचारा रात्रभर कारखान्यावर नंबर लावून बसलेला, डोळे तांबडे झालेले. पण रामहरीनं “ये की लेका, हुरडा खाऊन जा” म्हटल्यावर कबूल झाला. त्याच्या अंगात कुठल्याशा निवडणुकीतला टी-शर्ट होता. तो चित्रात बरा दिसत नाही म्हणून रणजितनं गाडी रामहरीच्या हातात दिली आणि गाडीवानाला बांधापलीकडं बसवलं. हुरडा खायला बोलावलेला माणूस बांधामागं पाठ करून बसलाय, आणि आपला नवरा डोक्याला फेटा गुंडाळून दुसऱ्याच्या बैलांना चुचकारतोय. वर मिशीवरून हात फिरवतोय! द्वारकाबाईनं त्याच्याकडं अशी नजर टाकली, की एरवी तो जागच्या जागी विरघळला असता. पण रामहरी त्या दिवशी कॅमेऱ्याकडं बघत होता.

या घरात हुरड्याचा एक नेम आहे. आगटीत, म्हणजे शेणकुटांच्या निखाऱ्यांत, कणसं भाजायची, गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून भुसा उडवायचा आणि दाणे समोरच्याच्या हातावर द्यायचे. चोळणाऱ्यानं आधी खायचं नाही. खाणाऱ्यानं “पुरे” म्हटलं, की चोळणाऱ्यानं हात थांबवायचा. एक दाणासुद्धा वर द्यायचा नाही. द्वारकाबाई या घरात नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासऱ्यानं तिला पहिल्यांदा हुरडा चोळून दिला होता, आणि ती लाजत “पुरे” म्हणाल्याबरोबर हात झटकला होता. सासुरवाशिणीचं कुणीतरी ऐकतंय, हे तिला त्या दिवशी कळलं. म्हणून तिला त्या नेमाचं अप्रूप.

आगटी पेटली. द्वारकाबाई चोळायला बसली, समोर छकुली. पोरीकडून एक वाक्य पाठ करून घेतलं होतं, “मला मोबाईलपेक्षा आजी आवडते!” ते म्हणायचं, हुरडा तोंडात टाकायचा आणि हसायचं. पहिल्यांदा धूर आला. दुसऱ्यांदा रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला, ती गाणी आवाजात शिरली. मग गुळाचा खडा खाली पडला. मग ऊन तोंडावर आलं, मग सावली आली. दर वेळी नवं कणीस, नवा घास, तेच वाक्य. पहिल्यांदा ते वाक्य ऐकून द्वारकाबाईला खरंच भरून आलं होतं. चार-पाच वेळा ऐकल्यावर तिला वाटलं, हे वाक्य कुणीतरी आधी चावून मग आपल्या ताटात टाकलंय.

मध्येच छकुली पुढं वाकली आणि हळूच म्हणाली, “आजी, आता हसू का?”

“मला काय इचारतीस गं? हसू आलंय का तुला?”

पोरगी गोंधळली. असलं काही तिला आजवर कुणी विचारलंच नसावं. तिनं बापाकडं बघितलं. बापानं अंगठा वर केला, आणि ती हसली.

स्वरूपा बाजूला गुळाचं ताट धरून उभी होती. “अहो, बास करू या. सकाळपासून दूधसुद्धा प्यायली नाही ती,” ती म्हणाली. रणजितला ते ऐकू आलं नाही किंवा त्यानं येऊ दिलं नाही.

नंतरच्या घासाला छकुली म्हणाली, “पुरे, आजी.”

द्वारकाबाईचा हात थांबला.

“आई, एकदाच! ह्योच शेवटचा. मस्त उजेड पडलाय,” रणजित म्हणाला. “छकुली, ‘अजून दे आजी’ म्हण. मोठ्यांदा!”

आणि द्वारकाबाईनं चोळलं. का चोळलं, कुणास ठाऊक. पोरगं नाराज व्हायला नको, असं वाटलं असेल. जरीची नऊवारी नेसून कॅमेऱ्यापुढं बसल्यावर तिलाही आत कुठंतरी बरं वाटत असेल. तो ‘शेवटचा’ घास झाला, आणि त्याच्यानंतर आणखी एक शेवटचा. छकुलीनं तोंड उघडलं, “अजून दे आजी” म्हटलं, गिळलं, हसली. मग तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती भडाभडा ओकली.

खुंटीवरचं फडकं लांब घरात होतं. द्वारकाबाईनं पदर पुढं केला. जरीचा पदर, रणजितच्या लग्नात एकदाच नेसलेल्या नऊवारीचा. त्यात तिनं पोरीची ती सगळी ओकारी दोन्ही हातांनी धरली. कपाळ दाबलं, तोंड पुसलं, नाक पुसलं. तिच्या हातांना घाण लागली होती, मनगटावरून ओघळत होती, आणि तिला किळस नावालासुद्धा आली नाही. पोरगी थरथरत होती तेवढंच तिला कळत होतं.

रणजितचा हात अजून वर होता. मुद्दाम नव्हे, तो फोन खाली घ्यायचंच विसरला होता. छकुलीनं डोळ्यांतलं पाणी पुसलं, तो फोन बघितला आणि घाबरून म्हणाली, “सॉरी पप्पा. परत करू?”

तेव्हा द्वारकाबाईला शिसारी आली. जन्मात कशाची आली नव्हती अशी. चहाची फुर्र, पानाची पिंक, वाढप्याचा अंगठा, सगळं त्यापुढं गंगाजळ वाटावं अशी.

“रणजित, त्यो खाली घे.”

त्यानं घेतला.

“पोरीनं ‘पुरे’ म्हणलं व्हतं. तू ऐकलं न्हाईस. मीबी ऐकलं न्हाय.” तिचा आवाज चढला नव्हता, पण बांधापलीकडचा गाडीवानसुद्धा वळून बघायला लागला. “थू आपल्या दोघांवर.”

स्वरूपानं पोरीला उचललं आणि पाटाच्या पाण्यावर नेलं. द्वारकाबाई तिच्यामागं गेली आणि पाण्यात पदर धूत बसली. रामहरीनं डोक्याचा फेटा उतरवला, त्यानंच तोंड पुसलं आणि बांधाकडं जाऊन गाडीवानाला हाताला धरून आगटीपाशी आणलं. बसवलं, कणीस चोळलं, दाणे त्याच्या हातावर दिले. भुकेला माणूस, मन लावून खात राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, “पुरे, आबा.” रामहरीनं हात झटकले. रणजित स्टँडचे पाय दुमडत ते बघत होता. एक पाय अडकला होता, तो त्याला काही केल्या मिटत नव्हता.

दुपारभर छकुली झोपली. उठल्यावर ताकभात खाल्ला, पोटभर, आणि कुणी तिच्या ताटावर फोन धरला नाही. तिकडं पालकांच्या ग्रुपवर विचारणा सुरू झाली होती, की सगळ्यांचे व्हिडिओ आले, तुमचा राहिलाय. रणजितनं बायकोकडं बघितलं. स्वरूपानं त्याच्या हातातून फोन घेतला, लिहिलं, ‘आम्ही मोबाईल वापरला नाही, म्हणून व्हिडिओ नाही,’ आणि त्याच्यासमोर पाठवून दिलं. सकाळचं शूटिंग त्यानं स्वतःच पुसलं. पुसायच्या आधी एकदा आवाज बंद करून बघितलं म्हणतात, पण त्याबद्दल तो कधी बोलला नाही.

ऊन कलल्यावर द्वारकाबाईनं नेहमीप्रमाणं मेथीची जुडी सोडली, फोन पिठाच्या डब्याला टेकवला. छकुली लांबूनच तो फोन बघून थबकली.

“ये, बस हितं. ह्यात काय करायचं न्हाय. नुसती मेथी निवडायची,” द्वारकाबाई म्हणाली.

पोरगी संशयानं बसली. एक काडी घेतली, पानं खुडली, दुसरी घेतली. पडद्याच्या कोपऱ्यात तिचं स्वतःचं तोंड दिसत होतं, तिकडं थोडा वेळ तिची नजर जात राहिली. मग मेथीत एक अळी सापडली आणि ती तोंड विसरून अळीकडं बघत बसली. रणजित उंबऱ्यात येऊन बसला होता.

नरसिंहपूरहून भामाबाईनं डोळे बारीक केले. “अगं बया, छकुली व्हय ही? केवढी झाली! बाळ, हिकडं बघ की. हस बघू जरा.”

उंबऱ्यात रणजितनं मान वर केली. द्वारकाबाईच्या हातातली काडी तशीच राहिली.

छकुलीनं अळी हलकेच पानावर घेऊन बाजूला ठेवली, पुढची काडी उचलली आणि खालीच बघत म्हणाली, “हसू आलं की हसेन, आजी.”

भामाबाईनंही आपली जुडी पुढं ओढली.

“बरं बाय,” ती म्हणाली. “मला कुठं घाई हाय.”