निंबाची ढोली आणि माहेरची ओसरी

पाडवा झाला की मी मुडबीला माहेरी जाते. नवऱ्याला विचारत न्हाई, सांगते. बीदरहून सकाळची बस धरा, हुमनाबादला बदला. कर्नाटकात सरकारी बस बायकांना फुकट हाय, फक्त आधार कार्ड हातात ठेवा. पिशवीच्या तळातून काढेपर्यंत कंडक्टर लै बोलतो. हुमनाबादच्या स्टँडवर चुरमुऱ्याचा सुसला आन् मिरची भजी खावा. चहा नको, निव्वळ पाक.

घरी पोचले तर ओसरीत, माझ्या बाजेच्या जागी, भावजयीची शिलाई मशीन! लग्नाआधीपासून उन्हाळ्यात मी तिथंच झोपते.

"कमळे, ही हलव."

"अक्का, लग्नसराई हाय. तुमी आत फॅनखाली झोपा की."

भावाकडं बघितलं. तो चप्पल घालून शेताला गेला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या निंबावर भांडण. ढोलीत बारमाही साळुंक्यांचं घर. उन्हाळ्यापुरत्या येणाऱ्या काळ्या शेंडीच्या मैनांना तीच ढोली पाहिजे. पाखरांची हौस असंल तर सकाळी या, दुर्बीण लागत न्हाई. एकमेकींचे पाय धरून धपकन खाली पडतात, मातीत लोळतात, तरी सोडत न्हाईत. मी साळुंकीच्या बाजूची. शेंडीवाल्यांना खडे मारले.

"अक्का, खडे कामून मारायलाव?"

"उन्हाळ्यापुरतं यायचं आन् घरच्यांची जागा मागायची? लाज हाय का?"

कमळनं मशीन थांबवली. माझ्याकडं बघितलं. "व्हय की. लाज पाहिजे."

मी आत जाऊन पाणी प्याले.

खडा एकबी लागला न्हाई, पण शेंडीवाल्यांनी निंब सोडला. आन् गेल्या कुठं? ओसरीच्या पत्र्याखालच्या फटीत, बरोबर मशीनच्या वर. नवरीच्या ब्लाऊजवर पांढरे शिंतोडे! लगेच धुतलं म्हणून डाग निघाले. कमळनं मशीन उचलून आत नेली.

"घ्या अक्का, तुमची जागा."

आता माघार कशी घ्यायची? बाज टाकली, छत्री उघडून आडवी झाले. वरून काड्या, पिसं, आन् बाकीचं तुम्हाला कळलंच.

"आत ये की," भाऊ म्हणाला.

"मला हितंच गार लागतंय."

दुपारी कमळ खताचं रिकामं पोतं घेऊन आली आन् बाजेच्या वर छतासारखं ताणून बांधाय लागली. "न्हाई तर गाव म्हणंल, नणंदेला पाखराखाली टाकली." मला हसू आलं, तोंड भिताडाकडं केलं.

तुम्ही गेलात तर अंथरूण जुनं न्या. घरी येऊन मी चादर तीनदा धुतली, डाग हायतच.

"कुठं झोपली होतीस गं?" नवऱ्यानं विचारलं.

"माझ्या जागेवर."