मार्तंडमामांचा शिशाचा डबा

मार्तंडमामांचा जगात कोणावरही विश्वास नव्हता. दूधवाला पाणी घालतो, वाणी तराजूला बोट लावतो, मासे शिळेच असतात, अशी त्यांची ठाम मतं होती. घाटकोपरला आमची घरं शेजारीशेजारी. मी त्यांचा सख्खा भाचा, पण माझ्याकडून पेपर परत घेताना ते पानं तपासून घेत. असा माणूस कारखान्यात बनलेल्या गोळीवर कसा विश्वास ठेवणार?

मामा ऐन उमेदीत चांद्याकडे एका लाकडाच्या कंपनीत होते. तिथे परवाना काढून ते रानडुकरांच्या शिकारीला जात, तेही मॅग्नम रिव्हॉल्वर घेऊन. विकतची गोळी हलकी, डुकराच्या खांद्याच्या हाडापुढे तिचं काही चालत नाही, म्हणून ते स्वतःच गोळ्या ओतायला लागले. नुसतं शिसं मऊ पडतं, त्यात छापखान्यातले अक्षरांचे झिजलेले खिळे वितळवायचे. मग पक्कडीसारख्या लोखंडी साच्यातून बोथट नाकाची, चांगली जड गोळी पडायची. तिच्या अंगाला एक गोल खाच असे. त्या खाचेत मेण आणि चरबी भरायची, म्हणजे नळी खराब होत नाही.

पुढे शिकारीवर बंदी आली, मामा निवृत्त झाले, पण गोळ्या ओतणं काही सुटलं नाही. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा मामांच्या टिपणीस घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. रिव्हॉल्वरपुढे ताज्या गोळ्या मांडल्याशिवाय मामांची पूजा पुरी होत नसे. “डुकरं नाहीत तर नाहीत,” ते म्हणत, “चोर आहेत ना.” भरलेलं रिव्हॉल्वर कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. ओतलेल्या गोळ्या मात्र बिस्किटांच्या डब्यात, स्वयंपाकघराच्या फळीवर.

त्र्याऐंशी सालच्या भाद्रपदात मामांच्या लक्षात आलं की त्या डब्यातल्या गोळ्या कमी होत चालल्या आहेत. त्यांनी आधी भांडीवाल्या शकूला धारेवर धरलं. ती काम सोडून गेली. मग माझी पाळी आली.

“श्याम, तू परवा पाणी प्यायला आत गेला होतास.”

“मामा, मी त्या गोळ्यांचं काय करू? आमच्या पोस्टात तिकिटांवर वजन म्हणून ठेवू?”

माझ्या थट्टेने ते आणखीच बिथरले. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं की गोळ्या बुधवारी कमी होतात, आणि बुधवारी माहुलहून पुतळाबाई येते. पुतळाबाई म्हणजे आमची ठरलेली कोळीण. ती मागच्या दारी पाटी उतरवी, सुहासिनीमामींशी गप्पा मारी, आणि मामा प्रत्येक पापलेटाचे कल्ले उघडून लालपणा बघत. तिचा मुलगा चंदर होडीवर जाई.

“तो पोरगाच कोणाला तरी गोळ्या पुरवतोय,” मामा म्हणाले. “एकदा डोळ्यांनी बघतो आणि चौकीत वर्दी देतो.”

मला मामांचा भयंकर राग आला. कोळ्याच्या पोराकडे रिव्हॉल्वरच्या गोळ्या सापडल्यावर पोलीस त्याला चहा पाजणार नव्हते. मारून हाडं मोकळी केली असती आणि वर केस घातली असती. मामांना एकटं जाऊ द्यायचं नाही म्हणून मी बरोबर गेलो.

माहुलला बसमधून उतरलो तर रिफायनरीचा वास नाकात बसलेला. कोळीवाड्यात पुतळाबाईच्या अंगणात चंदर जाळं पसरून बसला होता. मामा कडेला थबकले. जाळ्याच्या खालच्या दोरीला ओळीने त्यांच्या गोळ्या बांधलेल्या होत्या. प्रत्येक गोळीच्या खाचेत सुताचा फास घट्ट बसलेला.

“हे कुठून आणलंस?” मामांनी विचारलं.

चंदर हसला. “तुमचीच ना, साहेब. झकास शिसं हाय. बाजारातलं घासून गुळगुळीत होतं, मग फास सुटतो. हितं खाच आयतीच.”

पुतळाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. मामांना दारात बघून तिला काय करू नि काय नको झालं. तिने खाट टाकली.

“वैनींनी दिली,” ती म्हणाली. “म्हनाल्या, साहेबांना बसून कंटाला येतो, म्हनून जाल्याची शिसं ओततात. आमी नारलीपुनवेला तुमच्या नावानं पन नारल सोडला दर्यात. आन दर बुधवारी तुमचा वाटा देते ना मी, पैशे न घेता. वैनी बोलल्या नाय?”

मामांना ‘चोर’ हा शब्द तोंडातून काढता आला नाही. ते खाटेवर बसले, तिने दिलेलं पाणी प्यायले आणि उठले. परतीच्या बसमध्ये त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी मामी तांदूळ निवडत होत्या.

“तू दिल्यास?” मामांनी विचारलं.

“हो.”

“मला न विचारता? साऱ्या जगावर संशय घेत फिरलो मी.”

“माझ्यावर नाही घेतलात.”

“तू घरातली.”

मामींनी सूप बाजूला ठेवलं. “आषाढात संध्याकाळी दिवे गेले होते. मी देवळातून आले, दार ढकललं. तुम्ही खुर्चीत बसला होतात आणि ते रिव्हॉल्वर माझ्या छातीवर रोखलं होतंत. मी ‘अहो, मी’ म्हटलं, तरी खाली घेतलं नाहीत. तेव्हा मी कुठली होते?”

मामांचा हात जानव्याच्या किल्लीकडे गेला.

“कपाटाची किल्ली तुमच्या गळ्यात. माझ्या हाताला तो डबाच लागत होता. म्हटलं, जेवढं घराबाहेर जाईल तेवढं जाऊ दे. मला तुमची भीती वाटते हो.”

इतक्या वर्षांच्या संसारात मामी असं काही बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. मला तिथे उभं राहवेना. मी निघालो.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला पाटावर रिव्हॉल्वर होतं, पण गोळ्यांची चक्री उघडून ठेवलेली आणि तिच्यातली सगळी घरं रिकामी. पुढे गोळ्या नव्हत्या. कपाटाची किल्ली मामींच्या कमरेला दिसली. शकूकडे मामा स्वतः जाऊन आले होते. ती काही परत आली नाही.

पुढच्या बुधवारी पुतळाबाई मागच्या दारी आली. मामांनी पाटीतली दोन पापलेटं उचलली आणि कल्ले न बघताच मामींच्या हातात दिली.

पुतळाबाईला संशय आला. ती मामींकडे वळून हळूच म्हणाली, “वैनी, साहेबांची तब्येत बरी हाय ना?” आणि तिने पापलेटं परत घेऊन कल्ले स्वतःच उघडून मामांना दाखवले.